नववीच्या वर्गात फास्ट फॅशन: भाषण न देता कसं शिकवावं?

शाळाबाई_ठाणे

नमस्कार मंडळी,

ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला शिकवते. जलसुरक्षा आणि कार्यानुभवाचे तास जोडून दिवाळीच्या सुट्टीआधी चार शनिवार मिळताहेत, दर वेळी ७० मिनिटं. विषय घ्यायचा आहे कपड्यांच्या खरेदीचा, म्हणजे स्वस्तात झटपट बनणाऱ्या आणि झटपट टाकल्या जाणाऱ्या 'फास्ट फॅशन'चा. मुलामुलींचं कपड्यांचं जग आता मोबाइलमध्ये आहे. रील बघायचं, अडीचशेचा टॉप मागवायचा, तीन धुण्यांत त्याचा आकार गेला की पुढचा मागवायचा.

'कमी कपडे घ्या, पृथ्वी वाचवा' असं सांगितलं की सगळे माना डोलावतात आणि तिथेच विषय संपतो. कपडा हातात आला की काय बघायचं, जाहिरात समोर आली की काय विचारायचं, हे त्यांचं त्यांना सुचायला हवं आहे.

अडचणी तीन. वर्गात सगळ्या थरांतली मुलं आहेत. काहींच्या आया घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापायचं काम करतात, काहींचे सगळे कपडे मोठ्या भावंडांचे असतात. कुणालाही स्वतःच्या कपड्यांची लाज वाटता कामा नये. दुसरं, शाळेत मोबाइल चालत नाही. तिसरं, खर्चाला फार तर हजार रुपये आहेत.

प्रत्यक्ष करून बघता येईल असं सुचवा. काय फसतं तेही सांगा.

---

उभा_आडवा

ताई, गणवेशापासून सुरुवात करा. सगळ्यांकडे आहे, सगळ्यांचा सारखा आहे, त्यामुळे कुणाचा भारी आणि कुणाचा हलका हा प्रश्नच येत नाही. कापड बहुधा टेरीकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर आणि कापसाचं मिश्रण. इतकं घासूनपुसून वापरलं जाणारं दुसरं कापड मुलांच्या अंगावर नसतं.

पहिला हिशोब फळ्यावर: किंमत भागिले किती वेळा घातलं. शाळेचे दिवस साधारण २००. दोन जोड असतील तर प्रत्येक जोड वर्षात १०० वेळा अंगावर चढतो. जोड ६०० रुपयांचा धरला तर एका वापराला ६ रुपये पडले. लग्नासाठी घेतलेला १,२०० चा ड्रेस दोनदाच घातला तर एका वापराला ६०० रुपये. आणि अडीचशेचा टॉप पाच वेळा घालून टाकला तर ५० रुपये. स्वस्त काय पडलं हे मुलं स्वतःच बोलतात.

मात्र हा हिशोब दुकानात उभं राहून केला तर फसतो, कारण तिथे प्रत्येकाला वाटतं की आपण हे शंभर वेळा घालणार. म्हणून आधी घरी चार आठवडे मोजायला लावा. घातलेला आणि धुऊन आलेला कपडा कप्प्यात उजवीकडच्या थप्पीत ठेवायचा, न घातलेला डावीकडेच राहू द्यायचा. महिनाअखेरीस डावीकडची थप्पी बघायची ती ज्याची त्याने. आकडे वर्गात मागू नका, वहीत लिहायलाही सांगू नका.

दुसरा तास कापडाचा. शाळेच्या खोक्यात जुने, फाटायला आलेले टी-शर्ट जमवा, कुणी कोणता टाकला ते कळू न देता. सहा-सात पुरेत. एवढं करा:

वजन. कापडाचा जाडपणा जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. व्यवसायात १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून तोलतात. पण तो भरतो पावणेदोन ग्रॅम वगैरे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅमची चूक सहज होते. त्यामुळे तुकडा मोठा घ्या: टी-शर्टच्या पुढच्या भागातून ५० बाय ४० सेंटिमीटर. वजनाला ५ ने गुणलं की जीएसएम. ३६ ग्रॅम आलं तर १८०. नेहमीचा टी-शर्ट १६० ते १८० मध्ये बसतो, १४० च्या खाली गेला की आतला हात दिसायला लागतो. जाड तेच चांगलं असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नका. ठाण्याच्या मे महिन्यात १५० चा टी-शर्टच सुखाचा.

आटणं आणि पीळ. हा माझ्या मते सगळ्यात बोलका प्रयोग. यासाठी मात्र एक-दोन नवे, न धुतलेले टी-शर्ट लागतील. जुने जे काही आटायचे ते आटून बसलेले असतात. हजारातले चार-पाचशे इथे जाऊ द्यात. पक्क्या मार्करने उभी आणि आडवी, प्रत्येकी २५ सेंटिमीटरची रेघ आखा. घरी तीन वेळा धुऊन आणायला सांगा. वाळवताना दोरीवर टांगायचं नाही, सपाट पसरायचं. ओलं होजिअरीचं (टी-शर्टसारखं ताणणाऱ्या विणीचं) कापड स्वतःच्या वजनाने लांबतं आणि माप खोटं येतं. पूर्ण वाळल्यावरच मोजायचं. एक सेंटिमीटर कमी भरलं म्हणजे चार टक्के. सुती होजिअरीत पाच टक्क्यांपर्यंत चालून जातं.

मग बाजूची शिलाई बघा. ती काखेपासून खाली सरळ न येता पोटाकडे वळली असेल, तर कापड पिळलंय. सुताच्या धाग्यात पीळ असतो आणि साध्या एकेरी विणीत तो सुटायला बघतो. कारखान्यात कापडाची गुंडाळी उलगडून, थप्पी घालून दिवसभर मोकळं ठेवलं की त्यातला ताण बराचसा जातो. मग कापायचं. ऑर्डर उरकायची घाई असेल तर हा एक दिवस वाचवला जातो. दुकानात शर्ट सरळ दिसतो, तिसऱ्या धुण्यात वळतो. 'फास्ट' म्हणजे काय ते मुलांना तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

शिलाई. टी-शर्ट उलटा करा. एका इंचात टाके मोजा. दहा ते बारा असावेत. सात-आठ असतील तर टाका लांब ठेवून काम उरकलंय. शिलाईच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून हलकं ओढा, दोरे दिसून फट पडली तर ती तिथेच उसवणार. माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे तेही बघा. उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाच्या कुर्त्यात आत सेंटिमीटरभरही माया नसेल तर तो पुढे सैल करता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हा मोठाच फरक.

जाळून ओळखणं. हे फक्त तुम्ही करा, मुलं दोन मीटर लांब. पंखा बंद, स्टीलची थाळी, लांब चिमटा, शेजारी पाण्याची बादली. आतल्या मायेतून पाचेक सेंटिमीटर धागा काढा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर निघतो आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तो वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून धागा मुलांच्या हातात अजिबात नको. मिश्र कापडात राखही येते आणि मणीही.

इथे एक गफलत होते. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, कापसासारखंच जळतं. ते ओळखायला धागा मधोमध ओला करून दोन्हीकडून ओढा. व्हिस्कोस ओल्या जागीच तुटतं, कारण भिजल्यावर त्याची ताकद घटते. सुती धागा ओला झाल्यावर उलट मजबूत होतो, त्यामुळे तो कोरड्या भागात तुटतो. ही परीक्षा मुलांनी स्वतः करावी, धोका काही नाही.

---

पावती_जपून_ठेवा

वरचा प्रतिसाद कपड्याबद्दल झाला. मी विकणाऱ्याच्या युक्त्यांबद्दल लिहितो, कारण निर्णय बहुतेक वेळा कापडाला हात लागायच्या आधीच झालेला असतो.

मोबाइल चालत नाही तर छापील स्क्रीनशॉट वापरा. तुम्हीच घरून काढा, १५-२० पुरे. नाव, पत्ता, फोन नंबर झाकून छापा. मुलांना काढायला सांगितलं तर नको ती ॲप उतरवली जातात आणि पालकांचा फोन येतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवण्याचे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. कपड्यांच्या ॲपमध्ये त्यातले चार-पाच हमखास दिसतात: खोटी घाई ('फक्त २ शिल्लक', उलटं चालणारं घड्याळ), न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, 'नको, मला बचत करायची नाही' असं लाजवणारं बटण, आणि जाहिरात आहे हे न सांगता केलेली जाहिरात. गटागटाला स्क्रीनशॉट द्या आणि प्रत्येक युक्तीभोवती लाल गोल काढायला सांगा. मग विचारा: हे कुणाच्या फायद्याचं?

घड्याळ खरं की खोटं हे तपासता येतं, तुम्ही घरी करून पुरावा वर्गात न्या. वेळ संपत आली की स्क्रीनशॉट काढा, मग तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन न करता उघडा. घड्याळ पुन्हा पूर्ण वेळेपासून सुरू झालं, तर ऑफर संपणारी नव्हतीच. 'एमआरपी १,९९९, आता ४९९' याचंही तसंच. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली असं त्यातून सिद्ध होत नाही. तीन वस्तू निवडून चार शनिवार त्यांची किंमत वर्गातल्या तक्त्यावर लिहा. दिवाळी तोंडावर असल्याने चढउतार नक्की दिसेल. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, हा नंबरही लिहून घ्यायला सांगा.

रीलबाबत: पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं असे नियम ॲस्कीने, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, २०२१ मध्ये आणले. दहा रील बघून 'जाहिरात' असा शिक्का कुठे आहे, किती सेकंद दिसतो, कुठल्या भाषेत आहे एवढंच मोजायचं. रील करणाऱ्याला नावं ठेवण्याकडे गाडी वळू देऊ नका.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलांना शंका घ्यायला शिकवायचं तर आपल्या बाजूचे आकडेही त्यांच्यापुढे तपासायला ठेवले पाहिजेत. 'एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी' हे वाक्य पोस्टरवर सगळीकडे असतं. जगाची सरासरी एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर धरतात, आणि पोस्टरातला टी-शर्ट २५० ग्रॅमचा मानलेला असतो. मुलांनी स्वतःचा टी-शर्ट तोलावा. १६० ग्रॅम भरला तर १,६०० लिटर. शिवाय त्या १०,००० मध्ये निम्म्याहून जास्त पाणी पावसाचं आहे. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू, म्हणजे तिथे कालव्याचं पाणी पळवलं असं म्हणता येत नाही. तिथले प्रश्न वेगळे, फवारणी, बोंडअळी आणि भाव. जलसुरक्षेच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

'कपडे उद्योग हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक' हे वाक्य तर सरळ गाळा. त्यामागे भक्कम मोजणी नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा किती, याचे अंदाजही काय काय मोजलं त्यानुसार २ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत फिरतात. एवढी तफावत का, यावर पंधरा मिनिटं घालवली तर ती सत्कारणी लागतील.

---

भिवंडी_रोड

शाळा ठाण्यात आहे तर वीस किलोमीटरच्या आत निम्मा धडा उभा आहे. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती, १९२५ पासूनची. आज तिथे टॉवर आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या थंडावल्या तसं विणाईचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणखी सरकलं. मुलांनी आजी-आजोबांना विचारलं तर कुणा ना कुणाच्या घरात गिरणगाव निघेलच.

पण एक चूक टाळा. टी-शर्ट दाखवून 'हे भिवंडीत बनतं' असं सांगितलं जातं. भिवंडीचा माग उभ्या-आडव्या धाग्यांचं कोरं, न रंगवलेलं कापड (धंद्यात त्याला 'ग्रे' म्हणतात) विणतो. टी-शर्ट होजिअरीचा, त्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुपूर. नकाशावर दोन वेगळ्या रेषा काढा. गंमत म्हणजे दोन्ही रेषा भिवंडीला भेटतात, कारण ऑनलाइन मागवलेला टी-शर्ट ज्या गोदामातून ठाण्याच्या घरी येतो ते बहुधा भिवंडीच्या रस्त्यावरच असतं. जीन्सची तिसरी रेषा हवी असेल तर उल्हासनगर.

तिरुपूरला थांबून रंगाईबद्दल बोला. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी खराब झाली, शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो युनिट बंद करायला लावली. पुढे सांडपाणी बाहेर न सोडता फिरवून वापरण्याच्या अटीवर काम सुरू झालं. त्याचा खर्च येतो. तो खर्च करणारा आणि रात्री गुपचूप नाल्यात सोडणारा, दोघं एकाच भावाने माल देऊ शकतील का, हा प्रश्न मुलांना टाका. मग उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचा विषय काढा, ती घराजवळची आहे.

मागावर सहल न्यायची असेल तर एका वेळी आठ-दहाच मुलं. आत इतका खडखडाट असतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न बाहेर आधीच वाटून द्या आणि उत्तरं बाहेर येऊन घ्या. ओढणी बांधलेली, केस बांधलेले. जुन्या मागाचा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) क्वचित उडतो, म्हणून त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. एक कामगार किती माग सांभाळतो, एका पाळीत किती मीटर निघतं, मजुरी मीटरवर की दिवसावर, पाळी किती तासांची, हे चार प्रश्न पुरेत. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कामगार हा कसबी माणूस आहे, कींव करायला आलोय असं त्याला वाटलं तर सगळंच वाया गेलं.

राणा प्लाझा घ्याच. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं साभार, आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. वर्गाचे सहा गट करा: इमारतीचा मालक, कारखानदार, परदेशी कंपनी, तपासणी अधिकारी, कामगार, ग्राहक. प्रत्येकाने त्या दिवशी सकाळी आपल्या हातात काय होतं ते लिहायचं. मुलं पहिल्या दहा मिनिटांत 'तिथला माल घेऊच नका' म्हणतील. मग विचारा, तिथे शिलाई करणाऱ्या लाखो बायकांचा रोजगार गेला तर पुढे काय? उत्तर तुम्ही देऊ नका.

---

शाळाबाई_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, आराखडा तयारच झाला. दोन शंका. शेवटच्या शनिवारी दुरुस्ती शिकवायची आहे, ७० मिनिटांत काय बसेल? आणि 'न घातलेली थप्पी' घेऊन मुलं शाळेत आली तर त्या कपड्यांचं करायचं काय?

---

सुई_दोरा_नेरुळ

ताई, तीनच गोष्टी बसतील: बटण, उसवलेली शिलाई, आणि जीन्सचं ठिगळ. रफू नको, त्याला हात बसायला वेळ लागतो.

बटण लावताना दोरा दुहेरी, आणि बटणावर आडवी काडेपेटीची काडी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे. नंतर काडी काढली की दोरा सैल होतो, तो बटणाखाली चार-पाच वेढे देऊन गाठायचा. ही मान ठेवली नाही तर जाड कापडात बटण लागत नाही आणि ओढून पुन्हा तुटतं. उसवलेल्या शिलाईला धावदोरा पुरत नाही, बखिया (प्रत्येक टाका थोडा मागे येऊन) घाला आणि उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना दोन सेंटिमीटर पुढे-मागे जा. टी-शर्टसाठी गोल टोकाची, होजिअरीची सुई घ्या. टोकदार सुईने विणीतला धागा तुटतो आणि दुरुस्तीच्या जागीच भोक पडतं.

जीन्स मांड्यांमध्ये विरते. ठिगळ आतून, जुन्या जीन्सचंच, आणि विरलेल्या भागापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठं. टाके चांगल्या कापडात पडले पाहिजेत, विरलेल्या कडेवर घातले तर आठवड्यात पुन्हा फाटेल. ३० जणांना वीस सुया, चार रंगांचे दोरे, पाच कात्र्या हे उरलेल्या पाचशेत येतं. शाळेजवळच्या एखाद्या टेलरला तासभर बोलावा आणि त्याचा मोबदला द्या. चेन बदलायला, अल्टर करायला किती घेतो ते त्याच्याकडूनच मुलांना कळू द्या.

थप्पीबद्दल: मुलांना शाळेत कपडे आणायला सांगूच नका. त्यातून कोण किती आणतो याची चढाओढ लागते, आणि घरच्यांना न विचारता आणलेले कपडे परत द्यावे लागतात. घरीच तीन वाटे करायचे. घालण्याजोगे धुऊन, बटणं-चेन तपासून भावंडांत किंवा ओळखीत द्यायचे. मध्यम असलेले बोहारणीला. तिच्याकडून ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात, दुरुस्त होतात, पुन्हा विकले जातात, आणि तिला नेमकं कळतं कशाला गिऱ्हाईक आहे. फाटके सुती कपडे घरात पुसायला. पॉलिस्टरचे फाटके मात्र पाणी शोषत नाहीत, त्यांची फडकी करून उपयोग नाही. लोकरीचे आणि तसे धागे पिंजून पानिपतला ब्लँकेटं बनतात, पण एकट्यादुकट्याचा माल तिथे पोहोचत नाही, तो गोळा करणाऱ्याकडूनच जातो. नवी मुंबईत महापालिकेने बेलापूरला जुन्या कपड्यांचं वर्गीकरण करणारं केंद्र सुरू केलंय. ठाण्यात तुमच्या प्रभाग समितीत विचारून घ्या की वेगळे दिलेले कपडे पुढे कुठे जातात.

पूरग्रस्तांसाठी वगैरे मदत पाठवताना फाटकं, मळकं, एकेक मोजा असलं काही द्यायचं नाही, हेही सांगा. तिकडे ते निवडायला माणसं लागतात आणि शेवटी ते कचऱ्यातच जातं. वेळ उरला तर मुलांना घरी गेल्यावर बोहारणीलाच विचारायला सांगा की गेल्या काही वर्षांत कोणते कपडे ती घेईनाशी झाली आहे आणि का. उत्तरं पुढच्या तासाला फळ्यावर घ्या. उभा_आडवा यांनी सांगितलेला आटणं-पिळाचा तक्ता शेजारीच लावलेला असू द्या.

---

उभा_आडवा

एक राहिलं. नवे टी-शर्ट पहिल्याच शनिवारी रेघा आखून घरी द्या, नाहीतर चौथ्यापर्यंत तीन धुणी होणार नाहीत. आणि एक तिसरा, त्याच गठ्ठ्यातला, न धुता कपाटात ठेवा. शेजारी ठेवायला तो लागेल.